मॅकला अँटीव्हायरस लागतो का?

लॅपटॉपच्या दुकानात बिल करताना काउंटरवरचा मुलगा विंडोजवाल्या गिऱ्हाइकाला हमखास विचारतो, "अँटीव्हायरस टाकून देऊ का? तीन वर्षांचं घेतलंत तर स्वस्त पडेल." शेजारी ॲपलचं मॅकबुक घेणारं कुणी उभं असेल तर त्याला हे विचारत नाहीत. "मॅकला लागत नाही," एवढं सांगतात आणि पिशवी हातात देतात. लिनक्स ही विंडोजऐवजी चालणारी फुकट प्रणाली वापरणारी माणसंही आपल्या मशीनबद्दल हेच सांगतात, तितक्याच खात्रीने.

माझ्या भाचीनेही ते दुकानातच ऐकलं होतं. गेल्या पावसाळ्यात एका रात्री साडेअकराला तिचा फोन आला. "मामा, मॅकला व्हायरस लागत नाही ना रे?" ती डिझाइन शिकते, कॉम्प्युटरला घाबरणारी मुलगी नाही. तिचा आवाज ऐकूनच कळलं की काहीतरी होऊन गेलंय.

तिचं काय झालं ते पुढे सविस्तर सांगतो, कारण या प्रश्नाचं खरं उत्तर त्यातच आहे. पण आधी "लागत नाही" हे आलं कुठून, ते पाहायला हवं.

घराघरांत पसरलेला अगदी सुरुवातीचा व्हायरस ॲपलच्याच कॉम्प्युटरवरचा होता. १९८२ साली अमेरिकेतल्या रिच स्क्रेंटा नावाच्या पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलाने ॲपल टू या मशीनसाठी 'एल्क क्लोनर' लिहिला. तो फ्लॉपीवरून फ्लॉपीवर जायचा आणि पन्नासाव्या वेळी मशीन सुरू केलं की पडद्यावर एक कविता दाखवायचा. १९८६ मध्ये लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला 'ब्रेन' आयबीएम पीसीच्या फ्लॉप्यांवरून देशोदेशी फिरला, आणि तिथून पुढे व्हायरसचा सगळा बाजार पीसीकडे वळला. आधी डॉस, मग विंडोज. आपल्याकडेही तेच झालं. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केलेल्या कैलास काटकरांकडे पुढे कॉम्प्युटर दुरुस्तीला येऊ लागले. त्यांत व्हायरसने बिघडलेली मशीन्स इतकी असत, की धाकटे बंधू संजय यांनी त्यांच्या सफाईचा प्रोग्रॅम लिहायला घेतला. तोच पुढे क्विक हील म्हणून घरोघरी गेला.

या धामधुमीत मॅक बाजूला राहिला, त्याची कारणं दोन. पहिलं साधं आहे: मॅक होतेच थोडे. चोर गर्दीच्या बाजारात खिसे कापतो, आडगल्लीत उभा राहत नाही. दुसरं कारण घडणीतलं. २००१ मध्ये मॅकची जी नवी प्रणाली (ऑपरेटिंग सिस्टिम) आली ती युनिक्स या जुन्या प्रणालीच्या पायावर उभी होती. तिथे रोजचा वापर करणारा माणूस आणि मशीनचा मालक असे दोन वेगळे दर्जे असतात, आणि प्रणालीच्या आतल्या गोष्टी बदलायच्या तर पासवर्ड द्यावा लागतो. त्याच साली आलेल्या विंडोज एक्सपीमध्ये घरातला जवळजवळ प्रत्येक जण मालकाच्याच हक्काने वावरत असे, म्हणून जो प्रोग्रॅम आत शिरे त्यालाही तेच हक्क आयते मिळत. २००६ च्या सुमारास ॲपलने जाहिरातीत शिंकणारा, आजारी पीसी दाखवला आणि ही समजूत लोकांच्या मनात पक्की झाली.

पहिला मोठा धक्का २०११ च्या मे महिन्यात बसला. 'मॅक डिफेंडर' नावाचा प्रोग्रॅम मॅकवर पसरला. तो स्वतःला अँटीव्हायरस म्हणवायचा, खोटेच व्हायरस सापडल्याचं दाखवायचा आणि ते काढायला क्रेडिट कार्डचा नंबर मागायचा. पुढच्याच वर्षी त्याहून मोठं प्रकरण झालं. एप्रिल २०१२ मध्ये 'फ्लॅशबॅक'ने सहा लाखांहून जास्त मॅक पोखरल्याचं डॉक्टर वेब या रशियन कंपनीने उघडकीस आणलं. फ्लॅशबॅकच्या शेवटच्या अवताराला पासवर्डही लागत नव्हता. बिघडवलेल्या वेबसाइटवर नुसतं गेलं तरी पुरे. तो जावा नावाच्या सॉफ्टवेअरमधल्या एका भोकातून आत यायचा. ते भोक जावा बनवणाऱ्या ओरॅकलने फेब्रुवारीतच बुजवलं होतं, पण मॅकसाठीची जावा ॲपल स्वतः देत असे आणि ती दुरुस्ती एप्रिलमध्ये आली. मधल्या काही आठवड्यांत चोरांनी हात धुऊन घेतले. जूनपर्यंत ॲपलच्या वेबसाइटवरचं 'मॅकला पीसीचे व्हायरस लागत नाहीत' या अर्थाचं वाक्य गेलं आणि 'मॅक सुरक्षित राहावा असा घडवलाय' अशा अर्थाचं मवाळ वाक्य आलं.

२०२१ मध्ये तर ॲपलचे सॉफ्टवेअर प्रमुख क्रेग फेडरिगी यांनी अमेरिकन न्यायालयात साक्ष देताना सांगितलं, की मॅकवर आज जितकं मालवेअर, म्हणजे घातक सॉफ्टवेअर, आहे ते आम्हाला मान्य होण्यासारखं नाही. आयफोनवर ॲपची बाहेरची दुकानं का नकोत हे पटवण्यासाठी ते बोलत होते, त्यामुळे त्यात त्यांचा हेतू होता हे धरून चाला. तरीही मॅक बनवणाराच हे म्हणतो, तेव्हा दुकानातल्या त्या वाक्याला फारसा आधार उरत नाही.

आता एक शब्द नीट करून घेऊ. आपण सगळ्यालाच सरसकट व्हायरस म्हणतो. खरा व्हायरस म्हणजे स्वतःच्या प्रती काढत एका फाइलमधून दुसरीत जाणारा प्रोग्रॅम. तसले आज कमी झालेत. आजचा माल बहुतेक एकदाच चालतो, हवं ते उचलतो आणि निघून जातो. त्याला इंग्रजीत इन्फोस्टीलर म्हणतात; आपण माहितीचोर म्हणू. मशीन हळू झालं, पडदा विचित्र दिसू लागला, अशी जुनी लक्षणं तो मागे ठेवत नाही.

आणि दुसरी गोष्ट, जी दुकानात कुणी सांगत नाही: मॅकमध्ये अँटीव्हायरस आहे. ॲपलने तो २००९ पासून आतच घालून दिलाय, त्याचं नाव एक्सप्रोटेक्ट. त्याला ना खिडकी आहे ना आयकॉन, म्हणून तो असल्याचं कळत नाही. त्याच्याकडे ओळखीच्या घातक प्रोग्रॅमांच्या खुणांची यादी असते आणि ती ॲपलकडून परस्पर ताजी होत राहते. एखादं ॲप पहिल्यांदा उघडताना, किंवा ते बदललं असेल तर, एक्सप्रोटेक्ट त्या खुणा ताडून पाहतो.

त्याच्याही अलीकडे एक दार आहे, गेटकीपर नावाचं. ते कसं चालतं हे समजून घ्या, भाचीच्या गोष्टीत ते लागणार आहे. तुम्ही ब्राउझरमधून काही डाउनलोड केलंत की ब्राउझर त्या फाइलला एक अदृश्य चिठ्ठी चिकटवतो: 'हा माल बाहेरून आलाय.' ती फाइल उघडायला गेलात की मॅक ती चिठ्ठी पाहतो आणि चौकशी करतो. बनवणाऱ्याची ॲपलकडे नोंद आहे का? ॲप ॲपलच्या यंत्राने तपासून शिक्का मारलेलं आहे का? उत्तर नाही असेल तर ॲप उघडत नाही. गावच्या यात्रेत पोलिसांनी फक्त बाहेरगावच्या नंबरप्लेटच्या गाड्या थांबवाव्यात, तसं हे आहे. नंबरप्लेट पाहून थांबवतात. प्लेटच नसेल तर थांबवणार कशाला?

विंडोजचंही आता असंच आहे. २०१२ च्या विंडोज ८ पासून मायक्रोसॉफ्टचा डिफेंडर आतच येतो. तो फुकट आहे आणि बरा आहे. एकेकाळी तो नावापुरता होता, आता तसं राहिलेलं नाही. त्यामुळे 'अँटीव्हायरस लागतो का' या प्रश्नाचं मूळ रूपच बदललंय. तो लागतो, आणि तो तुमच्याकडे आहे. विचारायचं ते हे, की त्यावर आणखी एक विकत घ्यावा का.

भाचीकडे येतो.

तिला एका व्हिडिओचा फॉरमॅट बदलायचा होता. रात्री सबमिशन, घाई. फुकट कन्व्हर्टर शोधला, सगळ्यात वरच्या निकालावर क्लिक केलं. तो निकाल म्हणजे पैसे भरून लावलेली जाहिरात होती. तसं बारीक अक्षरात लिहिलेलंही असतं. पान स्वच्छ, देखणं, ओळखीच्या सॉफ्टवेअरचा लोगो. डाउनलोडचं बटण नव्हतं. त्याऐवजी तीन पायऱ्या दिल्या होत्या: टर्मिनल उघडा, ही ओळ कॉपी करा, पेस्ट करून एंटर दाबा. टर्मिनल म्हणजे मॅकला लेखी हुकूम द्यायची खिडकी. डिझाइनच्या वर्गात कुणी ना कुणी ती वापरत असतं, त्यामुळे तिला त्यात वावगं वाटलं नाही.

ती ओळ तिने मला नंतर पाठवली, मजकूर म्हणून, मी सांगितल्यावर. सुरुवातीला 'इन्स्टॉल होत आहे' अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य, मग अक्षरं आणि आकड्यांची दोन-अडीच ओळींची खिचडी, शेवटी ती खिचडी उलगडून चालवायचा हुकूम. उलगडल्यावर तिच्या आत कर्ल नावाचा एक आज्ञाशब्द होता. कर्ल इंटरनेटवरून फाइल आणतो, पण ब्राउझरसारखी ती चिठ्ठी चिकटवत नाही. चिठ्ठी नाही, म्हणून गेटकीपरने थांबवलं नाही. चोराने कुलूप तोडलंच नाही. जिथे पहारा नाही त्या वाटेने भाचीनेच स्वतःच्या हाताने त्याला आत आणलं, आणि तसं व्हावं म्हणूनच ते पान टर्मिनल उघडायला सांगत होतं.

मग एक चौकट आली. कुलपाचं चित्र, वर शीर्षक 'सिस्टिम प्रेफरन्सेस', खाली पासवर्डची जागा. तिने घाईत पासवर्ड टाकला, चुकला. चौकट पुन्हा आली. पुन्हा चुकला, पुन्हा आली. तिसऱ्यांदा बरोबर टाकला तेव्हा गेली. मध्येच तिने त्या चौकटीचा फोटो काढून मैत्रिणीला पाठवला होता, "हे नेहमीचंच आहे ना?" म्हणून. तो फोटो मी पाहिला. सिस्टिम प्रेफरन्सेस हे नाव ॲपलने २०२२ मध्ये बदललं, आता तिथे 'सिस्टिम सेटिंग्ज' असतं. तिच्या मॅकमध्ये त्या नावाचं काही नव्हतंच. म्हणजे ती चौकट मॅकची नव्हती, मॅकसारखी रंगवलेली होती. चुकलेला पासवर्ड त्या चौकटीला कळत होता, कारण ती मागच्या मागे खऱ्या मॅकवर तो ताडून पाहत होती.

व्हिडिओ कन्व्हर्टर काही आला नाही. "काहीतरी एरर आला" असं समजून तिने मॅक मिटला. तासाभरात ती चित्रं विकते त्या सोशल मीडिया खात्यावरून क्रिप्टोच्या जाहिराती जाऊ लागल्या.

तिला सगळ्यात जास्त कोडं पडलं ते हे, की तिने ओटीपी कुणाला सांगितला नव्हता. दोन पायऱ्यांचं लॉगिन सुरू होतं, फोन तिच्या हातात होता, मग खातं उघडलं कसं? वॉटर पार्कमध्ये तिकीट दाखवलं की मनगटावर कागदी पट्टी बांधतात ना? मग दिवसभर आत-बाहेर करा, कुणी तिकीट विचारत नाही. वेबसाइटचंही तसंच. पासवर्ड आणि ओटीपी दिलात की ती ब्राउझरमध्ये एक पट्टी ठेवते, तिला कुकी म्हणतात. म्हणून तुम्हाला रोज मेल उघडताना लॉगिन करावं लागत नाही. माहितीचोर या पट्ट्याच उचलून नेतो. त्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर लावल्या की वेबसाइटला वाटतं, या तर आपल्याच बाई, सकाळीच ओटीपी देऊन आत आल्यात. सोबत ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड, मॅक पासवर्ड जपून ठेवतो ती किल्ल्यांची पेटी आणि डेस्कटॉपवरच्या फाइलीही जातात. पेटी उघडायला मॅकचा पासवर्ड लागतो, म्हणून ती चौकट इतकी चिवट होती.

असले चोर भाड्याने मिळतात. ॲटॉमिक स्टीलर नावाचा मॅकवरचा माहितीचोर २०२३ मध्ये टेलिग्रामवर महिना एक हजार डॉलरला विकायला होता. भाडं भरणाऱ्याला प्रोग्रॅमिंग येण्याचीही गरज नाही. 'मॅक थोडेच आहेत' हे पहिलं कारण इथेच संपलं. मॅक वापरणाऱ्याच्या खिशात पैसे असतात, हे चोरांना ठाऊक झालंय.

विकतचा अँटीव्हायरस असता तर हे टळलं असतं का? मला अनेकांनी विचारलं, आणि खरं उत्तर आहे: कदाचित. चांगला अँटीव्हायरस नुसत्या खुणा पाहत नाही, वागणूकही पाहतो. एखादा अनोळखी प्रोग्रॅम ब्राउझरच्या कुकी गोळा करू लागला तर तो अडवू शकतो. पण चोरही रोज वेष बदलतात. सगळे व्हायरस अचूक ओळखेल असा प्रोग्रॅम लिहिताच येणार नाही, हे फ्रेड कोहेन या अमेरिकन संशोधकाने १९८० च्या दशकातच गणिताने दाखवून दिलंय. आणि शिक्का मारलेला मालही कधी खोटा निघतो. मार्च २०१६ मध्ये ट्रान्समिशन या टॉरेंटच्या ॲपच्या अधिकृत वेबसाइटवरच 'केरेंजर' नावाचा घातक प्रोग्रॅम घुसवलेली प्रत ठेवली गेली. तिच्यावर ॲपलकडे नोंद असलेल्या डेव्हलपरची खरी सही होती. केरेंजर तीन दिवस गप्प बसायचा, मग फाइली कुलूपबंद करून एक बिटकॉइन मागायचा.

शिवाय अँटीव्हायरस म्हणजे घराच्या सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या दिलेला राखणदार. त्याच्याकडून चूक झाली तर ती मोठीच असते. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीचा एक सदोष अपडेट गेला आणि सुमारे ८५ लाख विंडोज मशीन्स निळ्या पडद्यावर अडकली. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. फुकटच्या अँटीव्हायरसचं दुखणं वेगळं. अवास्ट या प्रसिद्ध कंपनीने वापरणाऱ्यांच्या ब्राउझिंगची माहिती विकल्याबद्दल २०२४ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने तिला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. राखणदारच घरातली बोलणी बाहेर विकत होता.

म्हणून माझं मत असं. घरचा मॅक, ज्याला ॲपलचे अपडेट अजून मिळतात, त्याला वेगळा अँटीव्हायरस विकत घ्यायची गरज नाही. अपडेट चालू असलेल्या विंडोज ११ लाही नाही. ते पैसे बॅकअपसाठी एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर घाला, त्याचा उपयोग जास्त होईल. मात्र ज्या जुन्या मॅकला ॲपलचे अपडेट मिळणंच बंद झालंय, त्याला अँटीव्हायरस लावूनही फार काही साधत नाही. पाया खचलेल्या घराला नवं कुलूप लावण्यासारखं ते आहे. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तिथेही तोच विचार करा. २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्रॅम पसरला, त्या वेळी मायक्रोसॉफ्टची दुरुस्ती दोन महिने आधीच आलेली होती. ज्यांनी ती घातली नव्हती ते बुडाले.

काही जणांना मात्र मी घ्या असं सांगतो. सीए, वकील, छोटे क्लिनिक, म्हणजे जिथे दुसऱ्यांची कागदपत्रं तुमच्या मशीनवर असतात आणि तीन-चार जण तेच मशीन हाताळतात. तिथे एकाच्या चुकीची किंमत दहा घरांना मोजावी लागते. आणि ज्यांच्या मशीनवर फुकटचं ऑफिस, फुकटचं फोटोशॉप 'ॲक्टिव्हेटर' (परवान्याची अट चुकवणारा प्रोग्रॅम) लावून चालू केलंय, त्यांना कुठलाच अँटीव्हायरस वाचवू शकत नाही, कारण त्या ॲक्टिव्हेटरची पहिली सूचनाच 'अँटीव्हायरस बंद करा' अशी असते आणि ती पाळली जाते.

झेरॉक्सच्या दुकानाबद्दल एक शब्द. प्रिंट काढायला दिलेला पेनड्राइव्ह परत आला की सगळ्या फाइलींच्या जागी शॉर्टकट दिसतात, हे आपल्यापैकी कित्येकांनी पाहिलंय. तो विंडोजचा जुना रोग आहे, मॅकला तो बाधत नाही. पण मॅकवाला तोच पेनड्राइव्ह ऑफिसच्या विंडोजला लावतो, तेव्हा रोग त्याच्या हातून पुढे जातो. प्रिंटसाठी फाइल मेलने पाठवा किंवा पेनड्राइव्हवर ती एकच फाइल ठेवा.

लिनक्सबद्दल थोडक्यात. तिथे सॉफ्टवेअर मुख्यतः वितरकाच्या भांडारातून येतं, कुठल्यातरी वेबसाइटवरून नाही, आणि हीच त्याची खरी तटबंदी आहे. घरच्या लिनक्सला अँटीव्हायरस नको. पण भांडारापर्यंतची वाटही पवित्र नसते. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिनक्स मिंटच्या वेबसाइटवर घुसून चोरांनी डाउनलोडची लिंकच बदलली होती. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड नावाच्या सगळीकडे वापरल्या जाणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममध्ये चोरदरवाजा सापडला. तो अँटीव्हायरसने शोधला नाही. आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरला लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, हे खटकलं आणि तो मागे लागला. मोठ्या प्रमाणावर पसरण्याआधीच तो दरवाजा बंद झाला.

त्या रात्री आम्ही काय केलं ते सांगतो, कारण क्रम महत्त्वाचा आहे. आधी मॅकचा वायफाय बंद करायला लावला. पासवर्ड मॅकवरून बदलायचे नाहीत, हे तिला दोनदा सांगितलं. तिच्या आईच्या फोनवरून बदलायला लावले. सर्वांत आधी ईमेल, कारण बाकी सगळ्या खात्यांच्या किल्ल्या ईमेलमध्ये येतात. प्रत्येक खात्यात 'सगळ्या उपकरणांवरून साइन आउट' दाबलं, म्हणजे चोराकडच्या पट्ट्या निकामी झाल्या. नुसता पासवर्ड बदलून थांबलो असतो तर त्यातल्या काही चालू राहिल्या असत्या. बँकेला फोन केला आणि १९३० या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनवर नोंद केली. सकाळी मॅक पूर्ण पुसला, प्रणाली नव्याने घातली आणि बॅकअपमधून फक्त तिची चित्रं आणि कागदपत्रं परत आणली, ॲप एकही नाही.

मॅकचा लॉगिन पासवर्ड बदलताना तिने विचारलं, "मामा, ती चौकट खरी की खोटी हे आता कसं ओळखू?" मी तिला म्हटलं, चौकट बघू नकोस. त्याच्या आधी तू काय केलंस ते आठव. तू स्वतः सेटिंग्ज बदलायला गेलीस, आणि मग पासवर्ड मागितला, तर ठीक. कुठल्या तरी पानाने सांगितलेली ओळ पेस्ट केल्यावर मागितला, तर रद्द कर, वायफाय बंद कर आणि मला फोन कर, मग रात्रीचे कितीही वाजलेले असोत.